भाग, अट आणि मागणीपत्र
(यंत्रजुळणीच्या संगणकीय नियमांचा एक अभ्यास)

कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू सर्व ग्राहकांसाठी एकसारखीच असेल, तर तिच्या भागांची यादी एकदा सिद्ध केली म्हणजे काम भागते. शिवणयंत्र किंवा भिंतीवरचे घड्याळ यांच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. तथापि मोटारगाडी, लिफ्ट, जनरेटर, मोठा संगणक अशा ज्या वस्तू ग्राहकाच्या गरजेनुसार निरनिराळ्या रूपांत जुळवून द्याव्या लागतात, त्यांची भागयादी प्रत्येक मागणीपत्राबरोबर बदलते. पूर्वी ही यादी करण्याचे काम कारखान्यातील अनुभवी माणसे करीत. कोणत्या मोटरला कोणता स्टार्टर लागतो, कोणत्या खोक्यात कोणते पट्टे बसतात, हे त्यांच्या डोक्यात आणि थोडेफार त्यांच्या वह्यांत असे. गेल्या चार दशकांत हे काम क्रमाक्रमाने संगणकाकडे सोपविण्यात आले आहे.

अशा प्रकारच्या आज्ञावलीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे भागांची नोंदवही : भागाचे नाव, क्रमांक, माप, वजन, त्यास लागणारी वीज, तो जेथे बसतो ती जागा. दुसरी म्हणजे प्रत्येक भाग केव्हा घ्यावयाचा हे सांगणारी अट. या अटीस प्रस्तुत लेखात ‘समावेश-नियम’ असे म्हटले आहे. नोंदवही आणि नियम या दोहोंच्या आधारे संगणक ग्राहकाच्या मागणीचे रूपांतर भागांच्या यादीत करतो. हे सर्व ऐकावयास सोपे वाटते, आणि पहिल्या वर्षी ते सोपे असतेही. अडचण उद्भवते ती नियमांची संख्या वाढू लागल्यावर आणि ते लिहिणारी माणसे बदलल्यावर. नियम रचण्यापेक्षा ते सांभाळणे हे अधिक कष्टाचे व अधिक खर्चाचे काम आहे, याची जाणीव या क्षेत्रातील पहिल्याच मोठ्या प्रयोगाने करून दिली. त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी नियमांचे स्वरूप एका परिचित उदाहरणाने समजावून घेणे इष्ट ठरेल.

पंपसंचाचे उदाहरण

बोअरवेलवर बसवावयाचा पाणबुडी पंपसंच घेतला, तर त्यात पंप, मोटर, स्टार्टर किंवा कंट्रोल पॅनेल, केबल, पाइप आणि किरकोळ सामान यांचा समावेश होतो. शेतकरी दुकानात जाऊन यांतील प्रत्येक वस्तूचे नाव सांगत नाही. तो सांगतो, बोअर किती फूट खोल आहे, वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि पाणी किती लागेल. बाकीचे विक्रेत्याने ठरवावयाचे असते.

हे ठरविण्यासाठी जे नियम लागतात ते तीन जातींचे आहेत. पहिल्या जातीचे नियम मागणी मुळात पुरी करता येण्याजोगी आहे की नाही ते सांगतात. सिंगल फेज जोडणीवर दहा अश्वशक्तीची मोटर मागितली असेल, तर पुढील यादी करण्यात अर्थ नाही. मागणीपत्र परत पाठविले पाहिजे. दुसऱ्या जातीचे नियम हे खरे समावेश-नियम होत. ‘वीज सिंगल फेज असल्यास कपॅसिटर असलेले कंट्रोल पॅनेल घ्यावे’ हा त्यांपैकी एक. तिसऱ्या जातीचे नियम परिमाण सांगतात : केबलची लांबी ही पंप सोडण्याची खोली, बोअरपासून पॅनेलपर्यंतचे अंतर आणि जोडासाठी लागणारा थोडा जादा भाग यांच्या बेरजेइतकी असावी, इत्यादी.

या तीन जाती एकमेकींत मिसळण्याचा मोह फार असतो. पॅनेल घेण्याच्या नियमातच ‘मोटर तीन अश्वशक्तीहून मोठी नसल्यास’ अशी पुस्ती जोडून टाकली, की चुकीची मागणी अडविण्याचे कामही त्याच नियमाने होईल असे लिहिणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मागणी अडत नाही. फक्त पॅनेल यादीतून गळते आणि उरलेला पंपसंच पॅनेलविना रवाना होतो. नियमाने नकार दिला आणि नियम लागूच झाला नाही, या दोन गोष्टी संगणकाच्या दृष्टीने भिन्न आहेत. ज्यास हा भेद समजला त्यास या विषयाचा अर्धा भाग समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

आता थ्री फेजचा विचार करू. समजा, एखाद्या उत्पादकाने असे ठरविले, की ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरीस थेट चालू होणारा साधा स्टार्टर द्यावयाचा आणि त्यापुढे स्टार-डेल्टा स्टार्टर द्यावयाचा. दोन नियम दोन निरनिराळ्या कारकुनांनी, निरनिराळ्या दिवशी लिहिले. पहिल्याने लिहिले, ‘७.५ पर्यंत’. दुसऱ्याने लिहिले, ‘७.५ पासून पुढे’. दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे वाचली तर निर्दोष आहेत. परंतु नेमकी ७.५ अश्वशक्तीची मोटर मागविणाऱ्या शेतकऱ्याच्या नावे दोन स्टार्टर लागू होतात, आणि बिलही दोहोंचे येते. उलट एकाने ‘७.५ पेक्षा कमी’ आणि दुसऱ्याने ‘७.५ पेक्षा अधिक’ असे लिहिले असते, तर त्याच शेतकऱ्यास एकही स्टार्टर मिळाला नसता. मोटर बोअरमध्ये सोडून झाली आहे, पेरणी तोंडावर आली आहे आणि पेटीत स्टार्टर नाही, अशी ही अवस्था होय. पहिल्या दोषास ‘अतिव्याप्ती’ आणि दुसऱ्यास ‘अव्याप्ती’ म्हणता येईल. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे शब्द व्याख्येच्या दोषांसाठी परिचित आहेतच. यंत्रजुळणीत त्यांना रुपया-आण्याचा अर्थ प्राप्त होतो.

अव्याप्ती टाळण्यासाठी पुष्कळदा एक पळवाट काढली जाते. शेवटचा नियम ‘इतर सर्व बाबतींत अमुक भाग घ्यावा’ असा ठेवतात. यामुळे यादीतील जागा कधीच रिकामी राहत नाही, हे खरे. परंतु नवीन जातीची मोटर बाजारात आली आणि तिच्यासाठी नियम करण्याचे राहून गेले, तर चूक लक्षातच येत नाही. जुना स्टार्टर गुपचूप तिच्या पदरी पडतो. रिकामी जागा निदान डोळ्यांना दिसते. म्हणून ‘इतर सर्व’ हा शब्दप्रयोग जेवढा कमी तेवढा चांगला.

व्हॅक्स संगणकाची जुळणी

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७७ साली व्हॅक्स-११/७८० हा संगणक बाजारात आणला. या कंपनीची विक्रीची पद्धत अशी होती, की ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे घटक निवडून मागवावेत. मागणीपत्रात अनेक डझन घटक असत आणि त्यांतील प्रत्येकाचा दुसऱ्या कोणाशी तरी संबंध असे. एक जादा डिस्क मागितली तर तिचे नियंत्रण करणारा पट्टा हवा; तो बसविण्यासाठी खोक्यात मोकळी खाच हवी; खोक्यास वीज पुरेल असा पुरवठा-संच हवा; खोके ठेवावयास कपाट हवे; आणि कपाट जमिनीवर जेथे उभे राहील तेथपर्यंत पोहोचणारी केबल हवी. विक्रेत्याच्या मागणीपत्रात यांतील एखादी वस्तू राहून जाणे स्वाभाविक होते. मागणीपत्रे तपासण्यासाठी कंपनीने जाणकार माणसे नेमली होती. शिवाय पाठविण्यापूर्वी संपूर्ण यंत्र कारखान्यात जुळवून चालवून पाहावयाचे व मग सोडवून ग्राहकाकडे रवाना करावयाचे, असा परिपाठ होता. व्यवसाय वाढू लागला तसा हा द्राविडी प्राणायाम परवडेनासा झाला.

हे काम संगणकाकडून करवून घेण्याचे फोरट्रान व बेसिक या भाषांतील प्रयत्न आधी फसले होते. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ च्या अखेरीस निराळा मार्ग धरला. त्यांनी कामाची पायरीपायरीने आज्ञावली लिहिली नाही. ‘अशी अशी परिस्थिती असेल, तर असे असे करावे’ अशा स्वतंत्र नियमांचा संग्रह केला आणि कोणता नियम केव्हा लागू पडतो ते शोधण्याचे काम संगणकावर सोपविले. नियम लिहिण्यासाठी त्याच विद्यापीठात चार्ल्स फोर्जी यांनी सिद्ध केलेल्या ‘ऑप्स’ या भाषाकुलाचा उपयोग करण्यात आला. विद्यापीठात या आज्ञावलीस ‘आर-१’ म्हणत. कंपनीत ती ‘एक्सकॉन’ या नावाने प्रसिद्धी पावली.

नियमाचा नमुना म्हणून एकाचा आशय येथे देता येईल. डिस्क निरनिराळ्या वाहिन्यांवर वाटून देण्याचे काम चालू असेल, एखादी एकमुखी डिस्क अद्याप वाटावयाची राहिली असेल, दुमुखी डिस्क मात्र सर्व वाटून झाल्या असतील, प्रत्येक वाहिनीवर किती उपकरणे असावीत ते ठरलेले असेल, एखाद्या वाहिनीवर अजून जागा असेल आणि मागील उपकरणापासून या डिस्कपर्यंत कोणती केबल लागेल ते ठाऊक असेल, तर ती डिस्क त्या वाहिनीस द्यावी. अटी पाच-सहा आणि कृती एक. अनुभवी कारागिराच्या मनात हा विचार क्षणार्धात होऊन जातो. तो कागदावर उतरवावयाचा म्हणजे इतके शब्द लागतात.

मॅकडरमॉट यांना आलेला एक अनुभव विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जाणकारांना ‘तुमचे नियम सांगा’ म्हटले तर ते अडखळत. त्यांच्यापुढे संगणकाने केलेली चुकीची जुळणी ठेवली, की हे येथे का चालणार नाही ते तत्काळ सांगत, आणि त्या सांगण्यातून नवा नियम हाती येई. १९७९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आज्ञावलीची रीतसर परीक्षा घेण्यात आली. ५० मागणीपत्रे देण्यात आली. सहा जाणकारांनी प्रत्येक जुळणी तासा-दोन तासांची तपासणी करून पाहिली. त्यांतून ज्ञानातील १२ चुका उघडकीस आल्या आणि त्या दुरुस्त करण्यात आल्या. त्या वेळी नियमांची संख्या ७७२ होती व नोंदवहीत सुमारे ४२० घटक होते. १९८० पासून कंपनी या आज्ञावलीचा प्रत्यक्ष कामात उपयोग करू लागली. १९८६ पर्यंत तिने सुमारे ८०,००० मागणीपत्रे हाताळली, आणि तिच्यामुळे वर्षाकाठी अडीच कोटी डॉलर वाचतात असा अंदाज सांगितला जाई. असे अंदाज सामान्यतः जमेच्या बाजूकडे झुकलेले असतात. पण कंपनीने दहा वर्षे या कामावर माणसे नेमून ठेवली, यावरून लाभ खरा होता असे मानण्यास जागा आहे.

नियम वाढतात, तेव्हा

या यशाची दुसरी बाजू आकड्यांतच दिसते. १९८४ मध्ये नियम सुमारे ३,३०० झाले आणि घटक सुमारे ५,५००. १९८७ मध्ये नियमांनी ६,२०० चा आकडा ओलांडला, घटक २०,००० च्या घरात गेले. आणि एका वर्षात यांपैकी जवळजवळ निम्मे नियम बदलावे लागतील, असे ते सांभाळणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. कंपनी नवनवे संगणक बाजारात आणीत होती, जुने बंद करीत होती, आणि प्रत्येक बदलाचा धक्का नियमांना बसत होता.

नुसते भाग वाढले म्हणून एवढी अडचण झाली नसती. आर-१ मध्ये भागांची नोंदवही आणि नियम वेगवेगळे ठेवले होते, ही त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. नियमात भागाचा क्रमांक न लिहिता त्याचे गुण लिहिले, म्हणजे ‘अमुक क्रमांकाचा पट्टा’ असे न म्हणता ‘इतक्या खाचा व्यापणारा, इतकी वीज घेणारा पट्टा’ असे म्हटले, तर त्याच जातीचा नवा पट्टा आल्यावर नियमास हातही लावावा लागत नाही. नोंदवहीत एक ओळ वाढविली की झाले. ज्या कारखान्यात नियमानियमांतून भागांचे क्रमांक विखुरलेले असतात, तेथे एक क्रमांक बदलावयाचा तर दहा ठिकाणी शोध घ्यावा लागतो आणि अकरावे ठिकाण राहून जाते. अर्थात या व्यवस्थेत नोंदवही अचूक असली पाहिजे. पट्टा किती वीज घेतो हा आकडाच चुकला असेल, तर उत्तम नियमही त्या चुकीवर विसंबून चालतो.

खरी अडचण नियमांच्या आपसांतील नात्यांची होती. एकाच वेळी अनेक नियम लागू पडत असतील, तर कोणता आधी चालवावयाचा, हे ती भाषा आपल्या पद्धतीने ठरवी. उदाहरणार्थ, ज्याच्या अटी अधिक सविस्तर त्यास ती सामान्यतः प्राधान्य देई. नियम लिहिणारे लोक या गोष्टीचा फायदा घेऊन क्रम साधत. पण तो क्रम नियमाच्या शब्दांत कोठेच लिहिलेला नसे. काही वर्षांनी नव्याने आलेला मनुष्य एखाद्या नियमातील ‘निरुपयोगी’ अट काढून टाकी, आणि त्यामुळे भलत्याच ठिकाणचा क्रम उलटून जाई. शासकीय कचेऱ्यांतील वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. मूळ नियम एक, त्यावर शुद्धिपत्रक दुसरे, शुद्धिपत्रकाचे स्पष्टीकरण करणारे परिपत्रक तिसरे. आणि यांपैकी कोणते कोणावर मात करते ते मुख्य लिपिकास ठाऊक, असा प्रकार तेथेही आढळतो. मुख्य लिपिक निवृत्त झाले म्हणजे काय होते, ते सांगावयास नको.

या गोंधळावर उपाय म्हणून कंपनीने ‘राइम’ या नावाची नियम लिहिण्याची शिस्त तयार केली आणि जुने नियम तिच्या साच्यात पुन्हा बसविण्यास प्रारंभ केला. तिचा गाभा असा : काम लहान लहान क्षेत्रांत वाटून घ्यावयाचे, प्रत्येक क्षेत्रात आधी शक्य ते सर्व पर्याय पुढे करणारे नियम, मग नको ते पर्याय बाद करणारे नियम, मग उरलेल्यांतून एकाची निवड करणारे नियम आणि शेवटी निवडलेली कृती करणारे नियम, असे गट पाडावयाचे, आणि कोणता नियम कोणत्या गटातील ते त्याच्यावरच लिहावयाचे. पूर्वी जो क्रम गुप्त होता तो यामुळे उघड झाला. सहस्रावधी नियम पुन्हा लिहिणे हे खर्चिक काम होते. ते पहिल्या दोन-तीनशे नियमांच्या वेळीच केले असते तर स्वस्त पडले असते, पण त्या वेळी त्याची गरज कोणास भासली नव्हती.

भागाजवळ त्याचा नियम

मोटार उद्योगात याच प्रश्नाने निराळे रूप घेतले. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ गाड्यांसाठी जी भागयादी संगणकात ठेवली जाई, तिची रचना पाहण्यासारखी आहे. ग्राहकाने मागितलेली प्रत्येक गोष्ट, जसे इंजिनाचा प्रकार, वातानुकूलन, स्टिअरिंगची बाजू, गाडी जेथे जाणार तो देश, ही एकेका संकेताने दर्शविली जाते. पुण्यानजीक चाकण येथे २००९ पासून या कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत आहे. तेथील गाड्यांना उजव्या बाजूचे स्टिअरिंग लागते, तोही असाच एक संकेत होय. मागणी म्हणजे संकेतांचा संच. प्रथम त्यात अध्याहृत संकेतांची भर घालण्यात येते. मग असा संच बांधता येण्याजोगा आहे की नाही ते तपासतात. आणि मगच भागांची निवड होते. भागयादीतील प्रत्येक जागेपुढे पर्यायी भाग लिहिलेले असतात व प्रत्येक पर्यायाजवळ त्याचा स्वतःचा नियम असतो. ‘हा संकेत आहे आणि तो नाही’ अशा ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांनी बांधलेला तो नियम खरा ठरला, की तो भाग गाडीत जातो. पंपसंचाच्या उदाहरणात मागणी तपासणारे नियम आणि समावेश-नियम असा जो भेद केला, तो येथे दोन स्वतंत्र टप्प्यांच्या रूपाने पाळला आहे.

या रचनेचा मोठा लाभ असा, की नियम भागापाशीच असल्यामुळे तो शोधावा लागत नाही. तोटा असा, की शेजारच्या पर्यायाचा नियम लिहिणारा माणूस दुसराच असू शकतो, आणि मग दोन स्टार्टरांची गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. संभाव्य मागण्यांची संख्या इतकी अफाट असते, की एकेक मागणी घालून पाहणे मनुष्यास वा संगणकास शक्य नाही. ट्यूबिंगेन विद्यापीठातील वोल्फगांग क्यूख्लिन आणि कार्स्टन झिंट्स यांनी यावर तर्कशास्त्राचा उपाय योजला व २००० साली तो प्रसिद्ध केला. मागण्या तपासून पाहण्याऐवजी त्यांनी नियमच परस्परांशी ताडून पाहिले. एका जागेवरील दोन पर्यायांचे नियम एकाच वैध मागणीत खरे ठरू शकतील काय? एखाद्या भागाचा नियम कोणत्याच वैध मागणीत खरा ठरणार नाही, असे आहे काय? एखादा संकेत असा आहे काय, की तो कोणत्याच ग्राहकास मिळू शकत नाही? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सिद्धतेने मिळते. उत्तर ‘होय, संघर्ष आहे’ असे असेल, तर तो घडविणारी नमुन्याची मागणीही संगणक तयार करून देतो.

दुसरा प्रश्न विशेष रोचक आहे. ज्याचा नियम कधीच खरा ठरत नाही असा भाग यादीत असला, तर बाहेरून काहीच बिघडत नाही. गाड्या व्यवस्थित बाहेर पडतात. पण त्या भागाची नोंद सांभाळली जाते, त्याची चित्रे अद्ययावत ठेवली जातात, क्वचित त्याचा साठाही केला जातो. ग्राहकाची तक्रार नाही म्हणून यादी निर्दोष आहे, असा निष्कर्ष यामुळे काढता येत नाही.

नियमाची तारीख

लहान कारखान्यास सिद्धता करणारी आज्ञावली कदाचित परवडणार नाही. परंतु काही पथ्ये विनाखर्च पाळता येतात. प्रत्येक नियमाजवळ तो का केला याचे एक वाक्य साध्या भाषेत लिहून ठेवावे. अट वाचून ‘काय’ ते समजते, ‘का’ ते समजत नाही. नियम ज्याच्या जबाबदारीत आहे त्याचे पद लिहावे. मागील निवडक मागणीपत्रे आणि त्यांच्या बरोबर ठरलेल्या याद्या जपून ठेवाव्यात व कोणताही नियम बदलला, की त्या सर्व मागण्या पुन्हा चालवून पाहाव्यात. त्यांत सीमेवरची उदाहरणे, जसे नेमके ७.५ अश्वशक्तीचे, अवश्य असावे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते तारखांकडे. जुन्या स्टार्टरऐवजी नवा स्टार्टर देण्याचे ठरले, म्हणजे जुन्याचा नियम पुसून नव्याचा लिहिण्याकडे कल असतो. पण कोठारात जुने काही नग शिल्लक असतात, नवे अजून वाटेत असतात, आणि मधल्या पंधरवड्यातील मागणीपत्रांस दोहोंपैकी काहीच मिळत नाही. म्हणून नियम पुसू नये. त्यास ‘अमुक तारखेपर्यंत’ आणि नव्यास ‘अमुक तारखेपासून’ अशी मर्यादा घालावी, आणि ती तारीख ठरविताना कोठारपालास विचारावे. या दोन तारखांच्या मध्ये एकही दिवस मोकळा वा दुहेरी राहता कामा नये.

पुसलेल्या नियमाचा आणखी एक तोटा उशिराने दिसतो. आठ-दहा वर्षांपूर्वी पंपसंच नेलेला शेतकरी जळालेल्या स्टार्टरचा एक सुटा भाग मागावयास येतो. त्याच्यापाशी खरेदीची पावती असते, तीवर तारीख असते, बोअरची खोली आणि मोटरची अश्वशक्ती असते. त्या तारखेचे नियम शिल्लक असतील, तर तीच मागणी त्या दिवसाच्या नियमांवरून पुन्हा चालवून त्याच्या पेटीत नेमका कोणता स्टार्टर गेला होता ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येते. ते नसतील, तर त्यास घरी जाऊन तो स्टार्टर सोडवून आणावयास सांगावे लागते.